हाकपेटी, पहिली पिढी

३ जून

आलो एकदाचा. नवं गाव, नवी नोकरी, नवी खोली. खोलीला खिडक्या दोन, पैकी उघडते एक, आणि तिच्यातून समोरच्या इस्त्रीवाल्याचं दुकान दिसतं. घरमालकाने नळ कसा सोडायचा ते मला उभं करून समजावलं. नळ! पण आज मूड झकास होता, म्हणून मान डोलावत ऐकून घेतलं.

कंपनी हाकपेट्या बनवते. म्हातारं माणूस पलंगाशेजारी पेटी ठेवतं. रात्री-बेरात्री पडलं, जीव घाबरा झाला, की बटण दाबतं. पेटी घरच्यांच्या फोनवर हाक पोचवते आणि घरचे पेटीतूनच ओ देतात. झालं, एवढंच. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी दोन मजले भरून माणसं ठेवलीत आणि एकेक नमुना आहे. साहेब गोड बोलतो आणि कुठलाच निर्णय घेत नाही. माझ्या शेजारी बसणारा प्रोग्रामर ऑफिसातसुद्धा टोपी काढत नाही, म्हणून त्याचं नावच टोपी पडलंय. टोपीखाली फारसं काही असेल असं आज तरी वाटलं नाही. टेस्टिंगची मुख्य आहे तिला सगळे मावशी म्हणतात. तिचा पगार साहेबापेक्षा जास्त आणि तोंड त्याहून जास्त.

मला कामं दोन दिलीत. पेटीचं सॉफ्टवेअर मधेच बंद पडलं की ती ऑफिसला एक चिठ्ठी पाठवते, क्रॅश रिपोर्ट. त्यात सध्या लिहिलेलं असतं, ‘काहीतरी बिघडलं.’ वा रे वा! डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हणावं आणि कुठे ते सांगू नये, तसला प्रकार. हे रिपोर्ट सुधारायचे. दुसरं काम म्हणजे जुन्या पिढीच्या पेट्यांच्या टेस्ट निकालात काढायच्या. आजवर कोणाची हिंमत झाली नाही म्हणे. हिंमत कसली लागते, झाडू लागतो.

संध्याकाळी ताईला फोन केला. अप्पा सध्या तिच्याकडे असतात. ताई दिवसभर शाळेत शिकवायला जाते, म्हणजे अप्पा एकटेच. इथे मला घरी बसून काम करायची मुभा आहे, खरं तर तेवढ्यासाठीच ही नोकरी धरली. थंडीच्या आत अप्पांना इकडे घेऊन येणार. ताईला तसं सांगितलं. मागून अप्पा ओरडून विचारत होते, खोलीत ऊन येतं का म्हणून. येतं म्हटलं.

७ जून

आज जुन्या पेट्या बघितल्या. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे. दारावर कोणीतरी खडूने ‘वृद्धाश्रम’ लिहिलंय. ह्या मंडळींच्या विनोदबुद्धीची झेप एवढीच. आत फळ्यांवर पहिल्या पिढीच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, प्लास्टिक पिवळं पडलेलं, आणि प्रत्येकीसमोर एक लोखंडी बोट बसवलेलं. सकाळी टेस्ट सुरू झाली की बोट बटण दाबतं, पेटी हाक देते आणि वर मावशीच्या टेबलावरचा फोन वाजतो.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की फोन वाजला म्हणजे टेस्ट पास. छे! कोणीतरी तो फोन उचलून ‘ओ’ म्हणायचं. ते माणसानेच म्हणायचं, रेकॉर्ड केलेला आवाज चालत नाही. आणि लगेच फोन ठेवायचा, तोही आपण आधी. मग पुढची पेटी, पुढची ओ. पाळ्या लावल्यात ह्याच्या, पाळ्या! शिकलीसवरलेली, पगारी माणसं रोज सकाळी टेबलाशी बसून ओ ओ करतात. मी पोट धरधरून हसलो. टोपीला राग आला, त्याची आज पाळी होती.

मावशीला विचारलं, हे सगळं कशासाठी. तर तिला म्हणे तिच्या आधीच्या मुख्याने सांगितलं होतं आणि त्याला त्याच्या आधीच्याने. अक्कल गहाण टाकायची झाली तर इतकी शिस्तीत टाकावी! मी आणखी काही बोललो तर म्हणाली, उद्या तू बस मग.

८ जून

बसलो. पहिला फोन उचलला. नुसती खरखर. गंमत म्हणून ओ दिलीच नाही, कान लावून बसलो. तर खरखर थांबली. कोणीतरी आपलं बोलणं थांबवून ऐकायला लागावं, तशी थांबली. जुन्या तारा, दुसरं काय. मावशी टेबलापलीकडून खेकसली, तेव्हा ओ म्हणून फोन ठेवला. सकाळ फुकट गेली.

१२ जून

आज एकेकाचे चेहरे बघण्यासारखे होते. मी मीटिंगमध्ये सरळ आकडे मांडले. पहिल्या पिढीच्या पेटीकडून गेल्या कित्येक वर्षांत एकही क्रॅश रिपोर्ट आलेला नाही. एक-ही-नाही. म्हणजे ती वापरणारं कोणी शिल्लक नाही. आणि आपण रोज सकाळी कोणासाठी घसा बसवतोय?

टोपीने हात वर केला, शाळेतल्यासारखा. त्याचं म्हणणं असं की रिपोर्ट पाठवणारा कोड इतक्या जुन्या पेटीवर बहुतेक सुरूच होत नसेल, तेव्हा रिपोर्ट येत नाही म्हणजे माणूस नाही असं कसं म्हणता येईल. मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, नसलेल्या माणसांची काळजी वाहायला तुला वेगळं खातं काढून देऊ का. सगळे खो खो हसले. टोपी खाली बघत बसला. साहेबाने मान हलवली, म्हणजे ह्या ऑफिसात निर्णय झाला.

मला वाटलं होतं मावशी थयथयाट करील. ती नुसती म्हणाली, करून टाक. मग बाहेर जाऊन स्वतःच्या पैशाने सगळ्यांसाठी चहा सांगितला. ह्या बाईचं काही कळत नाही.

१४ जून

आज जिवाला थंडावा मिळाला. टेस्टच्या फायलीच्या फायली उडवल्या. सर्व्हरवरची जुन्या पेट्यांच्या हाका पोचवणारी लाइनही बंद केली, उगाच कशाला दिवा जळत ठेवायचा. बोटं उपटून भंगारवाल्याला दिली, पेट्या खोक्यांत घालून सुतळीने बांधल्या, मावशीच्या टेबलावरचा फोन काढला. बदलाची नोंद लिहिली, ‘पहिल्या पिढीचा आधार कायमचा बंद.’ कायमचा हा शब्द लिहिताना फार बरं वाटलं.

मावशीने राजीनामा दिला. तिच्या टेबलावर फोनच्या जागी एक पांढरट चौकोन राहिलाय आणि टोपी येता-जाता त्याच्याकडे बघतो. ध्यान.

२० जून

माझा क्रॅश रिपोर्ट तयार झाला. स्वतःची स्तुती करू नये, पण बाकी कोणाला कळणारच नाही तर करतो कोण? पेटी बंद पडायच्या आधी नेमकं काय चाललं होतं ते आता रिपोर्टमध्ये येतं. पेटीभोवतीचं बोलणंसुद्धा अक्षरांत उतरून येतं, म्हणजे बिघाडाच्या वेळी माणूस काय म्हणत होता ते कळेल. लोकांच्या घरातलं बोलणं असं ऐकावं का, म्हणून कोणीतरी कुरकुरलं. म्हाताऱ्यांच्या घरात अशी काय गुपितं असणार?

रिपोर्ट थेट माझ्या नावावर येतात. मधे कोणी लुडबुड करायला नको. आणि रिपोर्टला उलट उत्तर पाठवता येत नाही. पेटीने सांगायचं, आम्ही वाचायचं, बस.

टोपीचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून हा कोड एवढासा करून पहिल्या पिढीवरही चालेल असा लिहिला, आणि आज सगळ्या पेट्यांना पाठवून दिला. बघू दे आता त्याला, कोण आहे तिकडे.

२२ जून

सकाळी ढिगाने रिपोर्ट. सगळे पहिल्या पिढीचे. वेळ तीच, बोटं बटणं दाबायची ती. प्रत्येकात तेच: हाक दिली, ओ आली नाही, बंद पडले. खाली अक्षरांत उतरलेलं बोलणं. एकात ‘आहे का कोणी?’ दुसऱ्यात ‘ओ द्या ना.’ तिसऱ्यात ‘आज काय झालं?’

टोपीला धरला. म्हटलं, थट्टा करायची तर जरा डोकं वापरून कर. तो पांढराफटक पडला. मुलीची शपथ घेतली. मग त्याने ग्राहकांच्या नोंदी उघडून दाखवल्या. ही सगळी खाती बंद झालेली. कारण: ग्राहक वारले. खाली पुन्हा तेच, आणि त्याच्या खाली तेच. काही क्रमांक तर आमच्याच ‘वृद्धाश्रमा’तल्या पेट्यांचे निघाले.

खाली जाऊन बघितलं. खोकी जशीच्या तशी, सुतळी बांधलेली. वायरी माझ्या हाताने गुंडाळून वेगळ्या ठेवल्या होत्या, त्याही तशाच. कुठेतरी जुना साठलेला डेटा आता सुटला असणार. असंच असणार. वर येऊन टोपीला उगाचच झापलं.

२४ जून

आज त्यांत माझं नाव आहे.

ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. रिपोर्ट माझ्या नावावर पाठवायला मीच सांगितलंय, तेव्हा नाव पेटीत आहेच. पण ते बोलण्याच्या रकान्यात कसं येईल? आधी नुसतं नाव. मग ‘तू तरी ओ दे.’ मग ‘आम्ही ऐकतोय.’ सगळे पुसून टाकले. पुन्हा आले.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, ते कोण आहेत तिला माहीत नाही, तिने कधी विचारलं नाही. ओ दिली की त्यांना बरं वाटतं आणि आपण आधी फोन ठेवला की ते पुढचं काही विचारत नाहीत, एवढंच तिला ठाऊक. कोणीतरी आगाऊ माणूस येऊन हे बंद करील आणि आपण सुटू, ह्याची वाट बघत होती म्हणे. आगाऊ! मला!

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

२५ जून

रिपोर्ट थांबले. सकाळपासून एक नाही. टोपीसमोर शीळ घालत फिरलो.

दुपारी एक आला. पहिली पिढी, पण खातं चालू. चालू! आणि ह्यात लिहिलंय, ‘हाक आली. ओ दिली. बंद पडले.’ खाली बोलणं: ‘ओ. कोण आपण? बोला ना, मी मोकळाच आहे.’

पत्ता ताईचा.

लगेच फोन लावला. ताईने पेटी उलटी करून वाचलं. पहिली पिढी. नोकरीला लागल्यावर मी पाठवलेली नवी पेटी कपाटात पडून आहे, अप्पांना तिचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून. ही आईच्या आजारपणातली, तीच ते वापरतात. मी विचारलं, मधल्या दिवसांत तुझ्या फोनवर पेटीची हाक आली नाही ते तुझ्या ध्यानात आलं नाही का. तर म्हणाली, आलं की, पण तिला वाटलं अप्पांना गरज पडत नाही. हाक नाही म्हणजे गरज नाही. लाइन मी बंद केली. ते बटण दाबत असतील आणि कोणी येत नसेल. किती वेळा?

ताई आनंदात होती. अप्पा हल्ली खूश असतात, पेटीतून कोणाकोणाशी गप्पा मारतात, तिला वाटलं माझ्याच कंपनीची काही सोय आहे. अप्पांचा स्वभाव! दारावर आलेल्या पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायला जाणारा माणूस. ते आपण होऊन फोन ठेवणार?

वायर काढ म्हटलं. काढली. अजून बोलतायत, म्हणाली.

२६ जून

टेस्ट परत आणल्या. कोड परत येतो, त्याला काय. लाइन येत नाही, ती उपसून टाकलीय. बोटं वितळवली असतील एव्हाना. साहेब म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. बैलोबा.

फोन परत लावून मी आणि टोपी ओ देत बसलो. ओ. ओ. ओ. पलीकडे काहीच नाही, खरखरसुद्धा. रिपोर्टमधून उत्तर पाठवायचं तर रस्ताच नाही. मीच ठेवला नाही. आम्ही वाचायचं, बस. काय पण दिवे लावले मी!

टोपी ओ देत राहिला. त्याने मला बोलायला हवं होतं.

२८ जून

ताईकडे. अप्पा खुर्चीत, पेटी मांडीवर. मी समोर बसलो, हाक मारली. बघत नाहीत. कानाशी जाऊन मारली. त्यांनी पेटीकडे मान वळवली आणि तिलाच म्हणाले, ओ.

डॉक्टर आला. कान ठीक, नाडी ठीक, वयोमानाने असं होतं. वयोमानाने! एवढं शिकून हे एक वाक्य पाठ केलंय गाढवाने.

ताई म्हणते, परवापर्यंत निदान हात करायचे, थांब हं, बोलतोय म्हणून. आता तेही नाही. जेवण समोर ठेवलं तर दिसतच नाही त्यांना. पेटी काढून घेतली तर रिकाम्या मांडीशी बोलतात. कालपासून पोटात काही नाही.

२९ जून

पाणीही नाही. ओठ फुटलेत. बोलणं मात्र चालू — हळू आवाजात, हसतातसुद्धा मधेच. आमचं काही पोचत नाही. जे पोचतं ते फक्त पेटीतून.

टोपी आला. न सांगता, रजा टाकून, पिशवीत खोक्यातली एक पेटी घेऊन. ह्या माणसाला मी काय काय बोललो! लाज वाटली, त्याच्याकडे बघवेना. तो म्हणाला, पेटीतून बोलून बघ, पण ओ झाली की लगेच बटण सोड. तू आधी. मावशी काय म्हणाली ते विसरू नको.

३० जून, सकाळ

दाबलं. खरखर — मग थांबली. म्हटलं, अप्पा, मी आहे.

खुर्चीत अप्पा हलले. ओ, म्हणाले. खुर्चीतूनही आणि पेटीतूनही. पाणी प्या म्हटलं. ताईने पेला धरला — प्यायले! ताई रडायला लागली. अर्धा पेला.

बटण सोडलं. आधी मी, सांगितलं तसं. अप्पांचा हात जिथे होता तिथेच थांबला, पेला कलंडला, पाणी अंगावर. पुन्हा दाबलं — पुन्हा प्यायले. सोडलं — पुन्हा तेच.

म्हणजे सोडता येत नाही.

३० जून, दुपार

दाबून धरलंय, डाव्या हाताने. उजव्याने लिहितो. अप्पा जेवले थोडं. विचारत होते, कधी आलास, सांगितलं का नाहीस. मग मागून दुसऱ्या कोणीतरी विचारलं, हा कोण. अप्पा म्हणाले, माझा मुलगा. किती कौतुकाने म्हणाले.

मग सगळ्यांनी हाका मारल्या. ओ दिली. काय करणार — अप्पांच्या ओळखीची माणसं.

टोपी माझं बोट बटणावरून काढायला बघतोय. मूर्ख आहे. अप्पा उपाशी राहतील —

ताई दारात आली. तोंड हलतंय तिचं. काय म्हणते? मोठ्याने बोल म्हटलं. मोठ्यानेच बोलत असणार, मानेच्या शिरा ताठल्यात. टोपी खांदा धरून हलवतोय, त्याचंही तोंड नुसतंच —

अप्पा मात्र किती स्पष्ट. आणि बाकीचे. एकेक जण आपलं नाव सांगतोय, सगळ्यांना घाई. म्हटलं, सावकाश, मी आहे, मी कुठे जात नाही.

ताई, रडू नकोस. तुझं ऐकू येत नाही, एवढंच. तू पेटीतून बोल ना. ती नवी कपाटात आहे, ती नको, अप्पांच्या मांडीवरची घे — त्यांना विचारून घे — बटण दाब, आणि मी हाक मारली की तू फक्त